दीड लाख किलोमीटर चाललेली स्विफ्ट : पहिल्या खरेदीचा अनुभव

पहिली गाडी म्हणून मी 2014 ची डिझेल स्विफ्ट घेतली, तेव्हा मीटरवर 1,52,000 किलोमीटर होते. आकडा पाहून घरचे बिचकले, पण या 1248 सीसी इंजिनात ठरावीक अंतराने बदलावा लागणाऱ्या टायमिंग बेल्टऐवजी जास्त टिकणारी चेन असल्याने आणि सर्व्हिसची सर्व बिले सलग मिळाल्याने मी धीर केला. सीटवर नवी कव्हरे होती, मात्र क्लचच्या पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते. मेकॅनिकने थंड इंजिन सुरू करून धूर तपासला आणि क्लच प्लेट बदलावी लागेल असे सांगितल्यावर किंमत 18,000 रुपयांनी उतरली. मालकी बदलाच्या फॉर्म 29 व 30 वर सह्या होऊन आरसीवरील बँकेचा बोजा उतरल्याशिवाय मी पूर्ण रक्कम दिली नाही. आज पाच माणसांसह ती खंबाटकी घाट विनातक्रार चढते.