गाडी हीट होतेय: खालचं कव्हर काढायचं, ओरिजिनल टाकायचं, लोखंडी गार्ड लावायचा की नुसत्या फटी बुजवायच्या?

उन्हाळा लागला की हा प्रश्न हमखास येतो. इंजिनखालचं प्लॅस्टिक कव्हर फाटलंय, बोनेटचं रबर लोंबतंय, आणि मेकॅनिक म्हणतो काढून टाका साहेब, उलट इंजिनला हवा लागेल. ऐकायला एकदम पटतं. पण रेडिएटरला नुसती हवा लागून भागत नाही, ती जाळीतून आरपार जावी लागते, आणि हवेचा स्वभाव म्हणजे रांग मोडून बाजूने घुसणाऱ्या माणसासारखा, फट दिसली की तिथून पुढे. आधी एसीचा कंडेन्सर, त्यामागे रेडिएटर, असे दोन अडथळे एकामागे एक, त्यामुळे बाजूला बोटभर फट असली तरी बरीचशी हवा काही काम न करता तिथूनच निघून जाते. कंपनीने दिलेली रबरं, स्पंजच्या पट्ट्या, काळे प्लॅस्टिकचे पडदे हे बहुतेक ह्याच फटींसाठी असतात, शोभेसाठी नाही.

खर्च करायच्या आधी एक गोष्ट नीट बघा, गाडी नेमकी कधी तापते. ट्रॅफिकमध्ये एसी लावून उभी असताना, हायवेला 90-100 ने जाताना, की घाटात? ह्यावर सगळं ठरतं, कारण तिन्ही वेळी हवा ढकलणारा वेगळा असतो. उभ्या गाडीत सगळा भार पंख्यावर. हायवेला समोरून येणारी हवाच काम करते, पण तिचा जोरही वाटतो तेवढा नसतो बरं का, 100 च्या स्पीडला समोरच्या हवेचा दाब जेमतेम पावणेपाच सेंटीमीटर पाण्याच्या उंचीएवढा. आणि हा दाब स्पीडच्या वर्गाने बदलतो, म्हणजे कसारा किंवा आंबा घाटात 30 ने चढताना तो 100 च्या तुलनेत अकरावा हिस्सा उरतो, इंजिन मात्र दुसऱ्या गिअरला पूर्ण ताकद लावत असतं. एवढ्याशा दाबावर सगळा खेळ, म्हणून फटी महाग पडतात.

आणि जर गाडी कधीही, कशीही, सकाळी गार असताना दहा मिनिटांत तापत असेल तर हे सगळं सोडा. थर्मोस्टॅट, वॉटर पंप, चोक झालेला रेडिएटर, रेडिएटर कॅप, नाहीतर हेड गॅस्केट. तिथे कुठलाही स्पंज कामाचा नाही.

आता वरून सुरू करू. इंजिनच्या डोक्यावर कंपनीचं नाव लिहिलेलं जे कव्हर असतं त्याचा रेडिएटरशी जवळपास संबंध नाही, ते आवाज कमी करायला आणि दिसायला, ठेवा नाहीतर काढा, कूलंटच्या (इंजिन आणि रेडिएटरमधून फिरणाऱ्या पाण्याच्या) टेंपरेचरमध्ये सांगण्यासारखा फरक पडत नाही. पण ग्रिलच्या मागे, रेडिएटरच्या वर आडवी जी प्लॅस्टिकची पट्टी असते ती वेगळी, लोक दोन्ही एकच समजतात. ही पट्टी आणि बोनेटच्या पुढच्या कडेचं रबर मिळून वरची फट बंद करतात. ती नसली तर दुहेरी नुकसान, चालत्या गाडीत हवा रेडिएटरच्या डोक्यावरून इंजिनकडे जाते आणि तिथला दाब वाढवते, मग जाळीतून जी हवा यायची तिलाही मागून विरोध. आणि उभ्या गाडीत उलटं होतं, पंख्याने मागे फेकलेली गरम हवा त्याच फटीतून फिरून परत ग्रिलसमोर येते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो. सिग्नलला एसी गार फेकणं बंद करतो आणि गाडी हलली की पाच मिनिटांत परत गार, अशी तक्रार असेल तर पंखा पूर्ण स्पीडने फिरतोय का आणि एसीचा गॅस बरोबर आहे का हे बघून घ्या, आणि लगेच ह्या फटींकडे या.

बघायला उदबत्ती पुरते. बोनेट पूर्ण उघडं ठेवलं तर काही कळणार नाही, ते लॉकच्या पहिल्या टप्प्यावर टेकवा, इंजिन चालू, एसी फुल, वारा नसेल अशा जागी, आणि उदबत्ती ग्रिलच्या कडेकडेने फिरवा. मधोमध धूर सरळ आत ओढला जाईल, त्यात काही विशेष नाही. कोपऱ्यात, हेडलाइटच्या बाजूला, रेडिएटरच्या वरच्या कडेला धूर जर तुमच्याकडे उडायला लागला, म्हणजे आतून बाहेर, तर गरम हवा तिथून परत येतेय. हाताला पण कळते ती, भट्टीसमोर धरल्यासारखी झळ. (हात जाळीच्या बाहेरच ठेवा, इलेक्ट्रिक पंखा कधी चालू होईल सांगता येत नाही, काही गाड्यांत तर चावी बंद केल्यावर पण फिरतो.)

बुजवायला काय, ओरिजिनल रबर की बाहेरचा स्पंज? बोनेटचं रबर ओरिजिनलच घ्या, त्याचा आकार आणि क्लिपांची जागा ठरलेली असते, बाहेरचं बिडिंग बसवलं तर एकतर बोनेट नीट लागत नाही नाहीतर महिनाभरात सुटून येतं. पण कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या, आणि दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्या, ह्या मात्र बाहेरून घेऊन स्वतः लावल्या तरी चालतात, फक्त गादीचा पिवळा स्पंज नको, तो पाणी आणि चिखल पिऊन बसतो आणि एका पावसाळ्यात भुगा होतो. काळा, बंद छिद्रांचा ईपीडीएम (एक प्रकारचं रबर) फोम मागा, उष्णता सहन करतो आणि पाणी धरत नाही. नुसत्या चिकटपट्टीच्या भरवशावर राहू नका, जमेल तिथे केबल टाय मारा. आणि पुढून ठोकलेली गाडी असेल, किंवा कधी रेडिएटर-कंडेन्सर बदललेला असेल, तर ह्या पट्ट्या गायब असण्याचीच शक्यता जास्त, कारण नवीन पार्ट बसवताना जुन्यावरच्या पट्ट्या काढून परत लावायचे कष्ट कोण घेतो. काही शे रुपयांचं काम आहे हे आणि माझ्या मते पूर्ण यादीत पैशाला सगळ्यात जास्त परतावा ह्याचाच.

पंख्याभोवतीचं मोठं प्लॅस्टिकचं खोकं, म्हणजे श्राउड, तुटलं असेल तर विचार न करता बदला, त्याच्याशिवाय पंखा फक्त स्वतःच्या गोलापुरती हवा ओढतो आणि जाळीचे चारही कोपरे फुकट जातात. काही श्राउडवर लहान लहान रबराच्या झडपा हलत असतात, त्या तुटलेल्या नाहीत, त्या चिकटवून टाकू नका. उभ्या गाडीत पंख्याच्या ओढीने त्या बंद होतात आणि हायवेला समोरच्या हवेने उघडतात, म्हणजे जास्तीची हवा पंख्याला वळसा घालून निघून जाते. चिकटवल्या की सिग्नलला सगळं छान आणि एक्स्प्रेसवेला काटा वर.

आता मुख्य भांडण, खालचं कव्हर. काढून टाकलं की बोनेटखाली गरम कमी वाटतं, हे काही गाड्यांत खरंही आहे, पण इंजिन बे गार होणं आणि कूलंट गार होणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी. हवा रेडिएटरमधून यायची तर मागे दाब कमी असावा लागतो. बंपरखालचा तो लोंबणारा काळा ओठ आणि त्यामागचं कव्हर मिळून गाडीखालची हवा बाजूला काढतात आणि मागे दाब कमी करतात, म्हणजे रेडिएटरमधली हवा खालून खेचली जाते. ह्याचं टोकाचं उदाहरण म्हणजे 1984 ते 1996 ची अमेरिकन कॉर्व्हेट, ती रेडिएटरची हवा बंपरच्या खालूनच घेते, आणि तिचा तो खालचा पडदा तुटला तर हायवेला गाडी तापायला लागते, बाकी सगळं ठणठणीत असून. आपल्या गाड्यांत एवढं टोकाचं नसतं पण स्पीडब्रेकरला घासून ओठ गेला असेल आणि गाडी फक्त हायवेला तापत असेल तर संशय तिथे घ्या. शिवाय कोकणात पावसात गाडी चालवणाऱ्याला कव्हर नसेल तर बेल्टवर, अल्टरनेटरवर सरळ लाल पाणी उडतं, ते वेगळंच.

ओरिजिनल कव्हर विरुद्ध लोखंडी गार्ड म्हणाल तर रस्ता बघून ठरवा. खडीचा, शेताचा रस्ता रोजचा असेल, चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) फुटायची भीती असेल तर गार्डला पर्याय नाही. पण कूलिंगसाठी गार्ड कोणी विकत असेल तर नाही म्हणा. ओरिजिनलमध्ये जिथे जाळ्या, कापलेले भाग दिसतात ते पैसे वाचवायला नाहीत, गरम हवा बाहेर पडायची जागा आहे ती, आणि बाजारातला सपाट पत्रा नेमकी तीच बंद करतो. घ्यायचाच तर मागच्या बाजूला मोठ्या खाचा असलेला घ्या, ऑइल ड्रेनचं भोक असलेला घ्या, नाहीतर दर सर्व्हिसला पूर्ण खोलावा लागतो. वजन पण बघा, 2 मिलीमीटरचा 70 सेंटीमीटर चौकोनी लोखंडी पत्रा जवळपास 8 किलोचा होतो, ॲल्युमिनियम त्याच्या तिसऱ्या हिश्शात बसतं पण महाग. गार्डवर सुकं गवत आणि पालापाचोळा साठतो, वर सायलेन्सरचा गरम पाइप आणि कुठे ऑइलचा थेंब, म्हणजे आगीची भीती, म्हणून अधूनमधून साफ करणं आलंच.

बोनेटच्या मागच्या बिजागरीखाली वॉशर टाकून कड उचलायची एक फॅशन आहे, गरम हवा बाहेर जाते म्हणे. उभ्या गाडीत जाते, मान्य. पण धावत्या गाडीत काचेच्या पायथ्याशी दाब जास्त असतो, तिथून हवा बाहेर यायच्या ऐवजी आत शिरू शकते, आणि मागचं रबर उठल्यामुळे इंजिनचा वास एसीच्या ब्लोअरमधून सरळ केबिनमध्ये. हे करू नका.

तर शहरातच फिरणारी गाडी असेल, सिग्नलला तापणारी, तर पट्ट्या, वरचं रबर आणि श्राउड एवढंच आधी करा, खालच्या कव्हरला सवडीने हात लावा. मुंबई-नाशिक, पुणे-कोल्हापूर असं हायवेचं रनिंग जास्त असेल तर ओरिजिनल कव्हर आणि बंपरखालचा ओठ पहिले. घाटवाल्यांना दोन्ही लागेल, आणि त्यांनी कंडेन्सर-रेडिएटरच्या मधे साठलेली धूळ आणि किडे साध्या पाइपने, मागून पुढे, हळू पाण्याने धुऊन घ्यावेत, वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने नाही, पत्र्यासारखे पातळ फिन्स वाकतात.

फरक पडला का हे काट्यावर बघू नका, बऱ्याच गाड्यांत 80 ते 100 डिग्रीच्या आसपास काटा मुद्दाम मधेच धरून ठेवलेला असतो, एक साधा ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारा) लावा आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, एसी तसाच ठेवून आधीचा आणि नंतरचा आकडा बघा. आणि पुण्यात नाना पेठेत किंवा तुमच्या गावातल्या स्पेअरच्या दुकानात कव्हर घ्यायला जाल तेव्हा जुनी एक क्लिप खिशात टाकून न्या आणि चार-सहा जास्तीच्या घ्या, सर्व्हिसला गेलेली गाडी सगळ्या क्लिपांसकट परत आली असं फार कमी होतं.