हिरवी ट्यूब न घेता आठ महिने जंगल रंगवलं, त्याचा अनुभव

आठ महिन्यांत नऊ ऑइल पेंटिंग्ज केली, सगळी जंगलाचीच, आणि एकातही तयार हिरवा नाही. सुरुवातीला अल्ट्रामरीन (निळा), कॅडमियम यलो, यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), आयव्हरी ब्लॅक, टायटॅनियम व्हाइट, बस एवढंच.

आधी मी थॅलो ग्रीन हा ट्यूबमधला तयार हिरवा वापरायचे, तो इतका जोरकस की ब्रशच्या टोकावर घेतला तरी बाकीचे रंग गिळून टाकतो, मग सगळी झाडं एकाच दिवशी एकाच डब्यातून रंगवल्यासारखी दिसायची. आता प्रत्येक वेळी हिरवा नव्याने मिसळावा लागतो, दोन वेळा तोच येत नाही, आणि जंगलाला तेच तर हवं असतं! काळ्यात पिवळा टाकला की ऑलिव्ह हिरवा होतो हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हरखूनच गेले, सावलीतल्या शेवाळाला याच्याइतका खरा रंग मला दुसरा मिळालेला नाही.

अडलं ते उन्हात मागून उजळलेल्या पानांशी. अल्ट्रामरीन तांबूसकडे झुकतो, कॅडमियम यलोही तसाच, त्यामुळे हिरवा मळकट होतो. चौथ्या महिन्यात हिरवटकडे झुकणारा लेमन यलो आणला तेव्हा ती पानं पेटली.

गडद भागासाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, पातळ, पांढरा अजिबात नाही, नाहीतर सावली खडूसारखी होते. जाड रंग फक्त उन्हाच्या कवडशांना. एक चूक महागात पडली, तिसऱ्या चित्राचा खालचा थर आयव्हरी ब्लॅकने केला, तो तेल भरपूर पितो आणि वाळायला खूप वेळ घेतो, त्यावर मी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला, कमी तेलाचा रंग लावला, तो खालच्याच्या आधी वाळला आणि काही महिन्यांत बारीक भेगा आल्या. जीव लावून केलेलं चित्र होतं ते, खूप वाईट वाटलं. आता खालचा थर बर्न्ट अंबर या गडद तपकिरीचा, त्यातल्या मँगनीजमुळे तो लवकर वाळतो, आणि तेल वाढवायचं ते वरच्या थरांत.

पानांच्या फटीतलं आकाश मोकळ्या आकाशापेक्षा जरा गडद ठेवा, तोच रंग लावला तर झाडावर पांढरे ठिपके चिकटवल्यासारखे दिसतात. आणि मागच्या खोडांच्या कडा ओल्यातच कोरड्या ब्रशने पुसट करा. रशियन चित्रकार शिश्किनचं १८८९ सालचं पाइनच्या जंगलातल्या सकाळचं चित्र बघा, पुढचं मोडकं खोड किती ठसठशीत आहे आणि मागची झाडं धुक्यात कशी विरघळलीत.

दहावं चित्र सुरू केलंय, लेमन यलो पहिल्या दिवसापासून पॅलेटवर आहे.