पेठेतल्या भाड्याच्या फ्लॅटचा खर्च : माझा अंदाज, दीड वर्षानंतर

सदाशिव पेठेत १९८४ साली बांधलेल्या बिल्डिंगमधला ५४० चौरस फुटांचा फ्लॅट भाड्याने देण्यासाठी घेतला. घेण्याआधी वहीत वर्षाचा खर्च मांडला होता : मेंटेनन्स १४,४००, मिळकतकर ५,८००, आणि सगळे सांगतात तसे दुरुस्तीला भाड्याच्या पाच टक्के, म्हणजे १०,२००. एकूण ३०,४००. भाडं महिना १७,०००. पहिल्या पूर्ण वर्षाचा खरा खर्च ८८,२०० झाला.

मिळकतकराचा आकडा मी आधीच्या मालकांच्या बिलावरून घेतला होता. ते स्वतः राहत असल्याने त्यांना महापालिकेची ४० टक्के सवलत होती. घर भाड्याने दिलं की ती जाते. मला बिल आलं ९,६०० चं. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते तो बिनभोगवटा आकार वर्षाला १,२००; तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, एवढं माहीत असू द्या. करारनाम्याचे मुद्रांक आणि नोंदणी मिळून दीड हजार. पहिला भाडेकरू मे महिन्यात गेला, दीड महिना घर रिकामं राहिलं. एजंटला एक महिन्याचं भाडं, रंगाला ११,०००.

पण अंदाज खरा कोलमडला तो पाइपांमुळे. ड्रेनेजचा उभा बिडाचा पाइप गंजून फुटला, सोसायटीने पूर्ण बदलला. माझा वाटा १४,५००. दोन महिन्यांत खालच्या काकूंच्या छताला ओल आली. नहाणी ट्रॅप, म्हणजे बाथरूमच्या फरशीतला पाणी जायचा जोड, सुटला होता. फरशी उकरून वॉटरप्रूफिंग आणि नव्या टाइल्स, १९,०००. काकू आठ दिवस बादल्या लावून बसल्या होत्या, त्याचं मला फार वाईट वाटलं. हे काम मी घर घेतानाच करायला हवं होतं.

दुरुस्ती भाड्याच्या टक्क्यांत मोजणं जुन्या बिल्डिंगसाठी चूक आहे, असं माझं आता ठाम मत झालंय. आमच्याच मजल्यावरच्या थ्री बीएचकेला भाडं ३०,००० येतं, पाइपाचा वाटा मात्र त्यांनाही १४,५०० च. खर्च ठरतो बिल्डिंगच्या वयावर आणि आत किती सभासद आहेत त्यावर.

आयकराचं गणितही इथेच बिघडतं. मिळालेलं भाडं १,७८,५००. त्यातून भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्या १,६८,९०० वर सरसकट ३० टक्के वजावट, म्हणजे ५०,६७०. मिळकतकर सोडून माझा खर्च ७८,६०० होता. वजावटीच्या वरचे जवळपास २८,००० खिशातून गेले आणि त्यांच्यावर करही भरला. दुरुस्तीची बिलं जपून ठेवली होती, पण ती वेगळी दाखवता येत नाहीत.

आता कुणी पेठेत घर बघत असेल तर मी आधी सोसायटीच्या सभांची पाच वर्षांची इतिवृत्तं आणि सिंकिंग फंडाची (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीची) शिल्लक मागायला सांगते. ‘गच्ची गळते’ हा विषय तीन सभांत आला असेल, तर ती वर्गणी तुमच्याच वाट्याला येणार. स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवालही बघा. तीस वर्षांवरच्या बिल्डिंगला सोसायटीच्या उपविधींप्रमाणे (नियमांप्रमाणे) ते दर तीन वर्षांनी करावं लागतं.

आमचं यंदा आहे. वहीत मी त्यासाठी ६०,००० वेगळे लिहून ठेवलेत आणि जिन्यातल्या वायरिंगची रक्कम अजून धरलेली नाही.