नागपूरच्या काटोल रोडची देशी रोपांची नर्सरी: काटवल (कर्टुली) लावायचं असेल तर आधी इथं जा (५ पैकी ४)

दोन वर्षांपासून इथून रोपं नेऊन राहिली आहे म्हणून सविस्तर लिहिते, कारण फोटो पाहून जाल तर निराश व्हाल, इथं गुलाब नाही, बोगनवेल नाही, रंगीत कुंड्या तर नाहीच नाही. ग्रीन नेटखाली काळ्या पिशव्यांच्या रांगा आणि त्यात अशी झाडं की अर्ध्या लोकांना तण वाटेल. रुई, निरगुडी, अडुळसा, मुरुडशेंग, धायटी, अनंतमूळ, आणि एका बाजूला भाज्या, पण दरवर्षी पेरायच्या नाही, एकदा लावल्या की वर्षानुवर्षं राहणाऱ्या. हादगा, तोंडली, मायाळू, चौधारी शेंग, चाया, आणि मी जिच्यासाठी गेली होती ती काटवल.

काटवलाची गोष्ट अशी की मी आधी दुसऱ्या एका नर्सरीतून वेल घेतला होता, दीडशे रुपये. मानेवाड्याला आमच्या घरामागे सांदवाडीत मांडव घातला, दोन पावसाळे वेल मस्त चढला, पिवळी फुलं भरभरून, फळ एक नाही. खत वाढवलं, ताक टाकलं, शेंडे खुडले, काहीच फरक नाही. त्या नर्सरीवाल्याला विचारलं तर म्हणे जमीन बरोबर नसेल. इथल्या काकूंना मोबाइलवर फुलाचा फोटो दाखवला तर एका नजरेत म्हणाल्या, "हा नर आहे बेटा, याला कुठून काटवल लागतील." काटवलात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो हे मला खरंच माहीत नव्हतं, आणि विकणाऱ्यानं ते सांगायला नको का? मादीच्या फुलाखाली कळी असतानाच बारीक काटेरी गोळी दिसते, नराला नुसता देठ. बी लावलं तर फूल येईपर्यंत काहीच कळत नाही म्हणून कंद घ्यायचा. यांच्याकडं मादी कंदाला लाल दोरा आणि नराला पांढरा बांधून ठेवतात. मी दोन्ही घ्यायला निघाली तर काकू म्हणाल्या, "नर तर आहेच ना तुझ्याकडं, काऊन पैसे घालवतेस, एक नर आठ-दहा माद्यांना पुरते." तीन मादी कंद दिले, साठ रुपयाला एक. माझ्या जवळचे साठ रुपये त्यांनी स्वतःहून वाचवले, यासाठीच मी हा रिव्ह्यू लिहून राहिली आहे.

आता फुलं संध्याकाळी उमलतात हे पण त्यांनीच सांगितलं, अंधारात पतंग येतात त्यांच्याकडून परागीभवन होतं, पण आमच्या वस्तीत लाइटच इतके की भरवसा नाही, म्हणून हातानं करायचं. सात-साडेसातला टॉर्च घेऊन जायचं, नर फूल तोडायचं, पाकळ्या मागं दुमडायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हळूच टेकवायचा, बस. ज्याला हात लागला ती गोळी तीन-चार दिवसांत फुगायला लागते आणि जी राहून गेली ती पिवळी पडून गळते, इतकं स्पष्ट दिसतं. मागच्या पावसाळ्यात तीन वेलांवर आठवड्याला दीड पाव निघत होते, बर्डीच्या बाजारात काटवलाचा भाव काय असते ते सगळ्यांना माहीत आहे. कोवळे असताना गोल चिरून कांदा-तिखटावर परतायचे आणि वरून सांबार (कोथिंबीर), ज्वारीच्या भाकरीसोबत दुसरं काही लागत नाही.

फुलपाखरांसाठी झाडं मागितली तर नर्सरीतले दादा आधी विचारतात, मध पाहिजे की अळ्या? मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावलं की रायमुनियावर (घाणेरीवर) फुलपाखरं मध प्यायला येतात पण ती बाहेरून आलेली, जंगलभर पसरलेली झुडपं, ती ते ठेवतच नाही. अंडी घालायला प्रत्येक फुलपाखराचं झाड ठरलेलं असतं, प्लेन टायगरला रुई, कॉमन क्रोला अनंतमूळ, कॉमन मॉरमॉनला कढीपत्ता नाहीतर लिंबू. आमच्या कढीपत्त्यावर आई (सासूबाई) चिमणीची शिट समजून पुसायला गेल्या ती अळीच निघाली, लहान असताना तशीच दिसते, नंतर हिरवी होते. तिला बोट लावलं की डोक्यामागून लाल दुतोंडी शिंगासारखं काहीतरी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. आईंनी तेव्हापासून ती एक फांदी वरणात टाकायला तोडली नाही.

चाया नेणाऱ्यांनी नीट ऐका, मेक्सिकोकडची भाजी आहे, फांदी खोचली की येते आणि आमच्या ४५ डिग्रीत एक वेळच्या पाण्यावर तगली, पण कच्ची खायची नाही, विषारी असते, पंधरा-वीस मिनिटं चांगली उकळायची आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यात नाही. हे त्यांनी पिशवीवर चिठ्ठी स्टेपल करून दिलं होतं.

एक स्टार कापला तो पाट्यांसाठी. नावं स्केचपेननं लिहितात, एका पावसात पुसतात, मला अडुळसा म्हणून दिलेलं रोप वेगळंच निघालं (बदलून दिलं, पण तेवढ्यासाठी परत बारा किलोमीटर). फोन उचलतील याची खात्री नाही. मुरुडशेंग माझी मेली, आमच्याकडं काळी माती, पाणी धरून ठेवते, पिशवीत मुरमाची होती, हे आधी सांगायला पाहिजे होतं. आणि मे महिन्यात जाऊ नका, ते नवतपा (मे अखेरीपासूनचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपेपर्यंत रोप देतच नाही, पैसे हातात घेऊन उभे राहिले तरी नाही.

हो, काटवलाचा वेल दिवाळीनंतर वाळून जातो, मेला म्हणून उपटू नका, कंद खाली झोपलेला असतो. आईंना तिथं मेथी टाकायची होती म्हणून मी चारही बाजूंनी विटा लावून ठेवल्या. परवाच्या पावसानं तिन्ही माद्या वर आल्या, नर अजून नाही. काकूंना फोन केला, यावेळी उचलला, म्हणाल्या आठ दिवस थांब, उकरून पाहू नको.