पहाटेची मराठी ख्रिस्ती रेडिओ सेवा: आवाजाला पाच स्टार, हिशोबाला तीन

आधीच सांगते, संस्थेचं नाव लिहिणार नाहीये. खाली एक तक्रार आहे, दोनदा कापलेल्या पैशांची, आणि तेवढ्यासाठी कुणाची बदनामी करायची इच्छा नाही. मराठी ख्रिस्ती घर असेल तर अशा दोन-चार सेवा तुमच्याही कानावरून गेल्या असतील, त्यातलीच एक समजा. मी इंदूरची, सियागंजात एका होलसेल किराणावाल्याकडे अकाउंट बघते, दिवसभर टॅली, त्यामुळे भजन ऐकायच्या आधी पावती बघायची खोड लागलीये.

खरं ऐकणारी मी नाही, आई. वय ७८, सरकारी दवाखान्यातली रिटायर्ड नर्स, पहाटे साडेपाचला उठायची सवय अजून सुटलेली नाही. उठली की चहाचं आधण ठेवते आणि माझा जुना फोन स्टीलच्या रिकाम्या पेल्यात उभा करते, पेल्यात आवाज घुमून मोठा येतो, हा जुगाड तिचा स्वतःचा, मी स्पीकर आणून दिला होता तो कपाटात पडलाय. मग अर्धा तास कार्यक्रम. एक भजन, वचन, पंधराएक मिनिटं संदेश, शेवटी श्रोत्यांची पत्रं आणि प्रार्थना. तेवढ्यात पोहे धुवून होतात, कांदा चिरून होतो, आणि प्रार्थना सुरू झाली की सुरी खाली. मी तेव्हा अर्धवट झोपेत असते पण आता मलाही ती सुरुवातीची धून पाठ झालीये.

आता मराठीबद्दल, कारण आमच्यासाठी तोच मुख्य मुद्दा आहे. आजोबा नगरकडून मास्तरकी करायला इकडे आले, तेव्हापासून आम्ही इथलेच, आणि आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासना हिंदीत होते. मराठी उरली ती घरात, त्यातही आम्ही बहीणभाऊ अर्धं हिंदी बोलतो. त्यामुळे आईला पवित्र शास्त्र मराठीत कानावर पडायला हा अर्धा तासच. या सेवेत संदेश देणारे जे आहेत ते बहुतेक विदर्भाकडचे, बोलतात असं की शेजारच्या ओट्यावर बसलेत. कुठलंही इंग्रजी प्रवचन समोर ठेवून वाक्य वाक्य मराठी केलेलं नाही. दुसऱ्या एका ॲपवर तसलं ऐकलंय, 'हा संदेश तुम्हाला आमंत्रित करत आहे' वगैरे, दोन मिनिटांत आईने बंद केलं. इथे माणूस बायबलमधली गोष्ट सांगतो की विहिरीवर बाई एकटी भरदुपारी का आली असेल बरं, आणि मग थांबतो, तो थांबतो तेव्हा आईही चमचा हलवायची थांबते.

भजनं चांगली, टाळ आणि पेटीवरची जास्त. नारायण वामन टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि अभंग, कीर्तन सगळं सोबत चर्चमध्ये आणलं, ती चाल अजून टिकलीये याचं मला कौतुक वाटतं. फक्त गुरुवारी कुणीतरी कीबोर्डवाला येतो आणि मागे ती तयार ढिंच्याक ताल लावतो, तो एक वार सोडला तर तक्रार नाही.

रेडिओ आमच्या घरात नवीन नाही. बाबांकडे दोन बँडचा सेट होता, शॉर्टवेव्हवर ते सेशेल्सहून येणारं फेबा रेडिओ हे ख्रिस्ती स्टेशन लावायचे. हिंद महासागरातल्या त्या बेटावरून १९७० पासून भारतीय भाषांत प्रसारण होतं, त्यांचे मनोरे म्हणे समुद्रातच, प्रवाळाच्या खडकावर उभे होते, बाबा हे अगदी डोळे मोठे करून सांगायचे. कुठल्या दिवशी किती खरखर, किती स्पष्ट, हे पत्रात लिहून पाठवायचं आणि तिकडून छापील क्यूएसएल कार्ड, म्हणजे तुम्ही ऐकलंत याची पोच, यायचं, तशी काही कार्डं अजून ट्रंकेत आहेत. २००३ ला तिथलं शॉर्टवेव्ह बंद झालं. नंतर आई रात्री मीडियम वेव्हवर लांबची स्टेशनं शोधायची, सूर्य बुडाल्यावरच लागायची ती, दिवसा नाही. त्यात आम्ही स्वयंपाकघरात एलईडी लावला आणि त्या बल्बची अशी खरखर यायची की आई अंधारात बसून ऐकायची. मग मी फोनवर या सेवेचं ॲप घालून दिलं.

आता कुणी म्हणेल इतकं लांबून कशाला, इथेच स्टेशन का नाही काढत. नाही काढता येत. मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्ह आपल्याकडे आकाशवाणीच्याच हातात, आमचं इंदूरचं आकाशवाणी केंद्र, मालवा हाऊस, १९५५ पासून. खाजगी एफएम आलं तेव्हा इंदूर तर पहिल्या रांगेत होतं, मिर्चीचं देशातलं पहिलं स्टेशन ४ ऑक्टोबर २००१ ला इथेच सुरू झालं, तेव्हा रिक्षा-रिक्षात तेच वाजायचं. पण एफएमच्या लायसनला धार्मिक संस्था चालतच नाही, कुठल्याही धर्माची असो. म्हणून मग बाहेरच्या देशातल्या ट्रान्समीटरवर वेळ विकत घ्या नाहीतर ॲपवर या. या सेवेचा स्वतःचा ट्रान्समीटर नाही, ते वेळ विकत घेतात आणि ॲपही चालवतात.

मी पैशाचा विचार करायला लागले तो इथून. ट्रान्समीटर म्हणजे काय खातो ते बघा. श्रीलंकेत पुत्तलमला ट्रान्स वर्ल्ड रेडिओ या ख्रिस्ती संस्थेचा ८८२ किलोहर्ट्झचा ट्रान्समीटर आहे, ४०० किलोवॅटचा, भारताकडे तोंड करून. (आमची सेवा ही नव्हे, फक्त अंदाज यावा म्हणून.) ४०० बाहेर फेकायचे तर आत ५०० तरी ओढणार, म्हणजे तासाला ५०० युनिट. आमच्या घरी महिन्याला दीडशे जळतात, एसी नाही म्हणून. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला २५० युनिट, आमच्या इथल्या सात रुपयांच्या भावाने धरलं तरी १,७५० रुपये, रोजचे. महिन्याचे ५२,५०० फक्त लाईटबिल. आई महिन्याला ३०० देते, म्हणजे तिच्यासारख्या १७५ म्हाताऱ्या जमवा तेव्हा नुसती वीज निघते, बोलणाऱ्याचा पगार, स्टुडिओचं भाडं, पत्रांची तिकिटं वेगळीच. हा हिशोब मी दुकानातल्या बिलाच्या पाठीमागे मांडला आणि तेव्हापासून त्यांच्या मेसेजवरचा राग अर्धा झाला.

मेसेज मात्र फार येतात. वर्षअखेर, ईस्टर, नाताळ, मार्च एंड, प्रत्येक वेळी 'आपल्या दानार्पणाची गरज आहे'. आधी वाटायचं लोभीपणा. पण २०२० ला एफसीआरएमध्ये, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात, बदल झाले, बाहेरचा पैसा फक्त दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचमधल्या खात्यातच यायचा, ऑफिसखर्चाची मर्यादा निम्म्यावरून थेट २० टक्क्यांवर, आणि एका संस्थेने घेऊन दुसरीला द्यायचं बंद. आधी मोठी संस्था पैसे घ्यायची आणि गावोगावच्या छोट्या स्टुडिओला वाटायची, ते सगळं थांबलं. मग इथल्याच लोकांकडे हात पसरणार, दुसरं काय करणार.

आईचा दशांश, म्हणजे देवासाठी बाजूला काढायचा उत्पन्नाचा दहावा भाग, पेन्शनमधून निघतो, त्यातले हे ३००. यूपीआयवर ऑटोपे लावून दिला. देण्याआधी फोन करून विचारलं ८० जी, म्हणजे देणगीवरची टॅक्स सवलत, मिळेल का, तर तिकडून एक तरुण पोरगा, 'जय ख्रिस्त ताई, आमचं काम धार्मिक आहे ना, त्यामुळे ८० जी बसत नाही.' एवढं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. नियमच तसा आहे, धार्मिक कामावर उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च गेला की ८० जी नाही. काही जण कुठल्यातरी समाजसेवेच्या ट्रस्टची पावती फाडून देतात, यांनी तसं केलं नाही. (तसंही नव्या टॅक्स रिजीममध्ये ८० जीचा उपयोग शून्य, पण विचारायची सवय.)

आता हिशोबाचे दोन स्टार का कापले ते. ऑडिट झालेलं पत्रक त्यांच्या वेबसाइटवर आहे, कबूल, पण त्यात सगळा मोठा खर्च एकाच ओळीत, 'कार्यक्रम खर्च'. अहो, मी दुकानात 'इतर खर्च' म्हणून एवढा आकडा टाकला तर शेठ मला घरी पाठवतील. वेळ विकत घ्यायला किती, पगाराला किती, ॲपला किती, पत्रव्यवहाराला किती, चार ओळी फक्त. मेल केला. तीन आठवड्यांनी पीडीएफ आली, वाकडी स्कॅन केलेली, शेवटच्या पानाचा कोपरा दुमडलेला. पण होतं त्यात सगळं. सगळ्यात मोठा आकडा वेळ विकत घेण्याचा, पगार त्याच्या बरेच खाली. म्हणजे लपवण्यासारखं काही नाहीच, मग वेबसाइटवर लावायला काय झालं?

अमेरिकेत बहुतेक अशा संस्थांचा फॉर्म ९९०, म्हणजे सरकारला द्यायचा वार्षिक हिशोब, कुणीही वाचू शकतो, मोठ्या साहेबाचा पगारसुद्धा दिसतो त्यात. तिकडे खेळही मोठा, के-लव्ह हे ख्रिस्ती गाण्यांचं रेडिओ नेटवर्क चालवणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये सहा स्टेशनं १०.३५ कोटी डॉलरला घेतली, त्यात न्यूयॉर्कचं जुनं नावाजलेलं डब्ल्यूपीएलजे पण होतं, आणि पैसा मुख्यतः ऐकणाऱ्यांच्या देणगीचा. आणि तिकडेच हॅरोल्ड कॅम्पिंग पण झाले, फॅमिली रेडिओवाले, २१ मे २०११ ला न्यायाचा दिवस येणार म्हणून रेडिओवर सांगत राहिले, ठिकठिकाणी होर्डिंग लागले, काही लोकांनी साठवलेला पैसा प्रचारात घातला. २२ तारीख उजाडली. नंतर संस्थेला मोठी मोठी स्टेशनं विकावी लागली आणि २०१३ मध्ये शॉर्टवेव्हही बंद केलं. माझी आई असल्या कुणाच्या मागे गेली असती तर? म्हणून विचारते मी. वचन ऐकणं वेगळं, ३०० रुपये कुठे जातात ते विचारणं वेगळं, आणि आमचे पाळकसाहेबही यावर हो म्हणाले.

तक्रार. गेल्या पावसाळ्यात नवीन ॲप आलं, मी त्यात परत ऑटोपे लावला, जुन्यातला बंद करायचा राहिला, मला वाटलं तिकडूनच होईल. दोन महिने डबल कापले, ६०० जास्त गेले. फोन केला तर म्हणे बघतो. परत केला तर दुसरीच बाई, सुरुवातीपासून सगळं सांगा. सात आठवडे लागले. अर्धी चूक माझी, मान्य, पण सात आठवडे?

पैसे आले आणि त्यानंतर चार दिवसांनी आईच्या नावाने पाकीट आलं. आत हाताने लिहिलेलं पत्र, निळ्या पेनने, दोन्ही बाजूंनी. माफी दोन ओळीत, बाकी सगळं आईच्या गुडघ्याबद्दल. झालं असं की आईने महिनाभर आधी ५० पैशाचं पोस्टकार्ड टाकलं होतं, ऑपरेशन करू की नको, प्रार्थना करा. मला माहीतच नव्हतं. तिकडे कुणीतरी ते कार्ड आणि पैशाची तक्रार एकाच घरची आहे हे जुळवलं होतं, लिहिलं होतं की जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. आई स्वतः नर्स, आयुष्यभर हेच पेशंटला सांगितलेलं, तरी ते वाचून मला म्हणाली, 'बघ, बरोबर सांगितलंय.' मग एका मंगळवारी तिचं कार्ड कार्यक्रमात वाचलं. नाव जरा चुकीचं घेतलं, आडनाव पूर्णच दुसरं, पण इंदूर म्हटलं आणि ती ओळखली. रविवारी चर्चबाहेर निम्म्या मंडळीला सांगून झालं, जे रेडिओ ऐकत नाहीत त्यांनाही.

तर त्या पीडीएफमध्ये 'श्रोता पत्रव्यवहार' म्हणून सगळ्यात छोटी ओळ होती, मी परत काढून बघितली. त्यांनी ती वाढवली तर मी आईला न विचारता ३०० चे ५०० करीन. सध्या ऑटोपे दोन्हीकडचा बंद केलाय, पाच तारखेला पेन्शन आली की मीच स्कॅन करून पाठवते आणि स्क्रीनशॉट ठेवते.

नवीन ॲप घेणार असाल तर जुनं ॲप डिलीट करण्याआधी त्यातला ऑटोपे तुमच्या यूपीआय ॲपमध्ये जाऊन रद्द करा, नुसतं ॲप काढून तो जात नाही. आणि फोन पेल्यात ठेवायचा तर पेला कोरडा करून घ्या, आमचा एक चार्जिंग पॉइंट त्यात गेलाय.