जिओजेब्रा: सापेक्षतेच्या आकृत्यांसाठी झकास, फक्त ‘अंतर’ टूलपासून लांब राहा

विशेष सापेक्षता (वेगात असलेल्याचं घड्याळ आणि अंतरं वेगळी का येतात हे सांगणारा आइन्स्टाइनचा सिद्धांत) फळ्यावर शिकवायची तर वेग बदलला की आकृती पुसा, पुन्हा काढा. जिओजेब्रा या गणिती आकृत्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये तेच काम एका स्लायडरवर होतं, आणि वर्गात वापरायला फुकट.

उभा अक्ष टी म्हणजे वेळ (जिओजेब्रात तोच वाय), आडवा एक्स म्हणजे जागा, प्रकाशाचा वेग १. व्ही हा धावत्या निरीक्षकाच्या वेगाचा स्लायडर −०.९ ते ०.९ एवढाच ठेवा. १ वर नेला की गॅमाचा (१ भागिले ‘१ वजा व्ही वर्ग’चं वर्गमूळ, हा सूत्रांतला गुणक) भागाकार शून्याने होतो आणि सगळे बिंदू गायब. धावत्या निरीक्षकाची विश्वरेषा (तो कोणत्या वेळी कुठे आहे ते दाखवणारी रेषा, हाच त्याचा वेळेचा अक्ष) ‘वाय = एक्स भागिले व्ही’ अशी लिहू नका, व्ही शून्य होताच ती नाहीशी होते. (०, ०) आणि (व्ही, १) या बिंदूंतून रेषा काढा. त्याचा आडवा अक्ष (०, ०) आणि (१, व्ही) मधून. अक्षांचं प्रमाण १:१ ठेवून लॉक करा. एखादा अक्ष चुकून ओढला गेला की प्रकाशरेषा ४५ अंशांवर राहत नाही, आणि मग आकृतीत अर्थ उरत नाही.

खरी गंमत अपास्तात (हायपरबोला या वक्रात) आहे. ‘वाय वर्ग वजा एक्स वर्ग = १६’ टाइप करा. वक्र (०, ४) मधून जातो आणि (३, ५) मधूनही. म्हणजे ०.६ वेगाने निघालेल्या घड्याळात (३, ५) ला ४ च वाजलेले असतात, आपल्या घड्याळात ५. आता जिओजेब्राचं ‘अंतर’ टूल उगमापासून (३, ५) पर्यंत लावा: ५.८३! टूलचं गणित बरोबरच आहे, पण ते पायथागोरसची बेरीज करतं आणि इथे हवी वजाबाकी. पोरं पडद्यावरच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात, म्हणून हे टूल टूलबारवरून काढूनच टाकावं. तिरक्या अक्षावरच्या खुणाही फूटपट्टीने नकोत: ०.६ वेगाला तिथलं एक एकक कागदावर १.४६ पट लांब दिसतं. वेळेच्या तिरक्या अक्षावरची पहिली खूण (०.७५, १.२५) वर येते.

एककालिकतेसाठी (एकाला एकाच वेळी घडलेल्या घटना दुसऱ्यालाही तशाच दिसतात का, यासाठी) (−२, ४) आणि (२, ४) या घटना घ्या. ०.६ ला धावत्याच्या वेळा ६.५ आणि ३.५ येतात, स्लायडर −०.६ वर नेला की क्रम उलटा. हे डोळ्यांदेखत घडताना दिसतं, फळ्यावर ते जमत नाही.

ट्रेस (सरकत्या बिंदूचा माग उमटवणारी सोय) चालू करून बिंदू अपास्तावर सरकताना जरूर दाखवा, पण मध्येच पडदा हलवू नका, माग पुसला जातो. मोबाइलवर स्लायडरची पायरी ०.१ ठेवा, त्याहून बारीक पायरी बोटाला पकडता येत नाही.