मोर्ससाठी पिच आणि फिल्टर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरमध्ये घेतलेल्या माझ्या एचएफ (लघुलहरींच्या) हौशी रेडिओ संचावर मोर्सची पिच, म्हणजे कानात येणाऱ्या स्वराची उंची, कारखान्यातूनच ७०० हर्ट्झवर आणि फिल्टर, म्हणजे ऐकू येणाऱ्या पट्ट्याची रुंदी, ५०० हर्ट्झवर लावलेला होता. पहिले दोन महिने मी त्यांना हात लावला नाही. रात्री ४० मीटरच्या रेडिओ पट्ट्यावर तासभर ऐकले की कान शिणत आणि दोष मी हेडफोनला देत असे.

डिसेंबरात पिच ५०० वर आणली आणि फरक त्याच रात्री जाणवला. शेजारशेजारच्या दोन रेडिओ केंद्रांत ५० हर्ट्झचे अंतर असेल, तर ७०० वर ते पिचच्या सुमारे सात टक्के भरते आणि ५०० वर दहा टक्के. त्यामुळे नको असलेले केंद्र फिल्टरने न कापताही कानाआड करता येते.

फिल्टरच्या बाबतीत मात्र मी हावरटपणा केला आणि तो ५० हर्ट्झपर्यंत अरुंद केला. मिनिटाला २० शब्दांच्या वेगात एक डिट (मोर्समधला टिंब) ६० मिलिसेकंदांचा असतो. ५० हर्ट्झच्या फिल्टरमधून तो बोथट होऊन येतो, त्याचे शेपूट पुढच्या मोकळ्या जागेत रेंगाळते, आणि वेग थोडा वाढला की 'एच'चे चार डिट आणि '५'चे पाच यांत माझी गल्लत होऊ लागली. त्यातच एकदा सीक्यू (कोणीही उत्तर द्या अशी हाक) देऊन मी बराच वेळ शांततेशी झुंजत बसलो; नंतर वर्ध्याच्या मित्राचा फोन आला की तो १५० हर्ट्झ वरून तीनदा उत्तर देत होता. तेव्हापासून शोधताना ५०० आणि केंद्र पकडल्यावर २५० हाच माझा रिवाज आहे.

नागपूरच्या उन्हाळ्याने या हिशेबातही ढवळाढवळ केली. मे महिन्यात दूरवर वीज कडाडली की अरुंद फिल्टर त्या प्रत्येक कडाडाचा नेमका मोर्सच्याच पिचचा 'टुंग' करून देतो, म्हणून अशा रात्री मी फिल्टर ५०० च्या खाली नेत नाही. खिडकीतल्या कूलरची खर्जातली घरघर खालच्या स्वरांना अधिक झाकते, त्यामुळे कूलर सुरू असेपर्यंत पिच ५६० वर ठेवावी लागते. (कूलर बंद करून बघितला, दहा मिनिटे टिकलो.)

माझ्या संचात पिच बदलली की साइडटोन (स्वतः मोर्स पाठवताना ऐकू येणारा स्वर) आणि फिल्टरचा मध्यबिंदू दोन्ही सोबत सरकतात, त्यामुळे समोरच्याचा स्वर साइडटोनशी जुळवला की मी त्याच्याच फ्रिक्वेन्सीवर असतो. जुन्या संचांपैकी काहींत क्रिस्टल फिल्टर ८०० च्या आसपास पक्का बसवलेला असतो. तिथे ५०० वर ऐकायला गेल्यास हवे ते केंद्रच फिल्टरच्या काठावर जाऊन क्षीण होईल.